बाकावरच्या काकू

नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांकडे बाकावर एक काकू हमखास भेटायच्या. नाव कधी विचारलं नाही. कोणी कण्हत आलं की त्या शेजारची पिशवी उचलून मांडीवर घ्यायच्या, "काय होतंय?" विचारायच्या आणि आपला नंबर खुशाल देऊन टाकायच्या.

जर्मनीला जायचं ठरलं, खटपट करून विमा काढला, तेव्हा मी फुशारकीने म्हटलं, "काकू, आता तिकडे आजारपणाची चिंता नाही."

"बरं झालं. पण बाकावर शेजारी कोण असेल गं?"

आज इथल्या दवाखान्यात तापाने फणफणत बसले आहे. विम्याचं कार्ड पर्समध्ये आहे. सगळे एकेक खुर्ची सोडून, गप्प. एवढ्यात एक म्हातारी खोकत आली. मी शेजारची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि चक्क मराठीत विचारलं, "काय होतंय?"