कपाटातले हातमोजे

कापड रंगवायच्या त्या कारखान्यात तिला सगळे किल्लीबाई म्हणत. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की ती येण्याआधी तिचा आवाज यायचा. तिचा नवरा तिथली कोठी सांभाळायचा. तो एकाएकी गेला, तेव्हा मालकांनी जुडग्यासकट त्याची खुर्ची तिला दिली आणि कारखान्याची खोलीही काढून घेतली नाही. फार मोठे उपकार, असं मालक म्हणत आणि तीही म्हणे. मूलबाळ नव्हतं, माहेर कधीच तुटलेलं. मग जीव लावायला कोठीच उरली.

कोठीत एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात ऐंशी जोड जाड रबरी हातमोजे. ते वर्षातून दोनदाच बाहेर निघत. कापड घेणाऱ्या मोठ्या कंपनीची माणसं तपासणीला येणार असली, की किल्लीबाईने सकाळी मोजे वाटायचे आणि पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की परत गोळा करायचे. त्या दिवशी हौदात मुद्दाम फिका रंग घेत, मोजे खराब होऊ नयेत म्हणून. नंतर ती ते धुई, सावलीत वाळवी, आतून पावडर लावी आणि कपाटात मूठभर डांबरगोळ्या टाकी. लेकराचे कपडे कोणी इतके जपत नसेल.

एरवी रंगखात्यातली माणसं उघड्या हातांनी हौदात कापड बुडवत. मोजे घातले की हात मंदावतात, असं मॅनेजरांचं म्हणणं. "मोजे आपल्याकडे आहेत की नाहीत? आहेत. मग आपण खोटं काय बोलतो?" असं ते तिला दरवेळी समजावत आणि तिला ते पटे. पटवून घ्यायचंच म्हटलं तर माणसाला काय पटत नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे तर मुठी कपाटातच झाकलेल्या.

तिची धाकटी जाऊ रंगखात्यात होती. दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. किल्लीबाईचा नवरा गेल्यापासून संध्याकाळी चहा उकळला की जाऊ भिंतीवर दोन थापा मारायची, आणि ही आपली कपबशी घेऊन तिकडे जायची. पोटातलं बोलायची तिला तेवढीच एक जागा होती.

दोन वर्षांपूर्वी रंग पक्का करायचं पाणी उसळलं आणि जावेचे दोन्ही हात भाजले. जखमा भरल्या, पण बोटं आखडली ती आखडलीच. उपचारांचं बघा म्हणून दीर कारखान्यात हेलपाटे घालत होता. तेवढ्यात तपासणी आली. तपासणीच्या साहेबाने किल्लीबाईला त्या हातांबद्दल विचारलं. ती म्हणाली, मी रोज सकाळी मोजे देते, तिनेच घातले नसतील. पहिलं वाक्य तिला जुनं पाठ होतं. दुसरं मॅनेजरांनी त्याच सकाळी घोकून घेतलं होतं. उपचारांचा विषय तिथेच मिटला.

त्या संध्याकाळी भिंतीवर थाप पडली नाही. पुन्हा कधीच पडली नाही.

कोणी तिला वाळीत टाकलं नाही. लोक रामराम करत, फक्त ती आली की बोलणं थांबे. संध्याकाळी ती भिंतीला टेकून एकटी जेवायची. पलीकडे मधूनच पातेलं पडल्याचा आवाज व्हायचा आणि हिचा घास तोंडातच राहायचा. एकदा धीर करून ती चहा घेऊन गेली. जावेने तिच्याकडे पाहिलं आणि दार हळूच लोटून घेतलं. आपटलं असतं तरी बरं वाटलं असतं. चहा तिने मोरीत ओतला आणि तोंडात पदर कोंबून रडली, कारण भिंत पातळ होती.

यंदा तपासणीला नवीनच बाई आल्या. वयस्क, हळू बोलणाऱ्या. रंगखात्यात त्यांनी एकाचा मोजा मागून घेतला, आतून हुंगला, आणि किल्लीबाईला ऑफिसात बोलावलं. मॅनेजर मागोमाग आत शिरत होते, त्यांना बाहेर थांबायला सांगून दार लावलं. मोजा टेबलावर ठेवला.

"डांबरगोळ्यांचा वास येतोय याला. इतकं कोणी जपलंय हे?"

कोठीतल्या इतक्या वर्षांत तिच्या कामाचं कौतुक कोणी केलं नव्हतं. तिचा चेहरा फुलला. "मीच," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली, एक जोड फाटू दिला नाही."

बोलून गेली आणि मग तिने जीभ चावली. रोज त्या पाण्यात बुडणारा मोजा दोन महिनेही टिकत नाही, हे तिला ठाऊक होतं आणि समोरच्या बाईंनाही.

बाई तिच्यावर तुटून पडल्या नाहीत. म्हणाल्या, "इथे सगळं ठीक आहे असं आमच्या कागदावर आहे, आणि त्यावर विसंबून आम्ही कापड घेतो. इथे कोणाला इजा होत असेल, तर आम्हालाही हात झटकता येणार नाहीत. तुमचं नाव मी लिहिणार नाही. सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

नाव न लिहून काय होणार होतं? कोठीवाली एकच होती. बाहेर मॅनेजरांच्या बुटांचा आवाज येत होता. अजूनही सावरून घेता आलं असतं, हा जोड नमुन्याचा होता म्हणायचं. खुर्ची, खोली, नवऱ्याचा जुडगा, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. आणि मग पातेलं पडल्याचा आवाज आला, कानात नव्हे, पोटात.

"रोज देत नाही," ती म्हणाली. "तुम्ही येता तेव्हाच देते. माझ्या जावेने मोजे घातले नव्हते, कारण मी दिलेच नव्हते."

महिन्याभराने कंपनीचं पत्र आलं. मोजे रोज द्या, भाजलेल्यांचे उपचार कारखान्याने करा, बोलल्याबद्दल कोणाला काढू नका, नाहीतर कापड घेणार नाही. मॅनेजरांनी तिला काढलं नाही. हसून जुडगा मागून घेतला आणि रंगखात्यात पाठवलं. तिथेही विश्वासू माणूस हवंच, म्हणाले. शाबास कोणी म्हटलं नाही. हिच्यामुळे कारखाना बंद पडेल, असं मात्र दोघातिघांनी ऐकवलं. भिंत गप्पच होती.

रंगखात्यातल्या पहिल्या सकाळी तिला जागा मिळाली ती नेमकी जावेशेजारी. कमरेला किल्ल्या नव्हत्या, त्यामुळे ती आल्याचं कोणाला कळलंही नाही. मोजे वाटून झाले. बाकीचे कामाला लागले. जाऊ आखडलेल्या बोटांवर मोजा ओढत होती. तो अर्ध्यातच अडकला. तिने दातांनी ओढून पाहिला, तरी जाईना.

मग मान हौदाकडेच ठेवून तिने दोन्ही हात किल्लीबाईपुढे केले.

किल्लीबाईने ते हात इतक्या जवळून प्रथमच पाहिले. कातडी ताणलेली, चकचकीत. एकेक बोट सरळ करत, दुखणार नाही अशा बेताने तिने मोजा चढवला. डोळे भरून आले होते, पुसायला हात मोकळा नव्हता.

"वास येतोय अजून, डांबरगोळ्यांचा," जाऊ म्हणाली. दोन वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

"वापरले की जाईल," किल्लीबाई म्हणाली, आणि तिने दुसरा हात हातात घेतला.