झुवेना आत्याचे तळवे

आमच्या बेटावरच्या वेते गावात झुवेना आत्याइतकी नटवी बाई दुसरी नाही. नवरा अमूर गलबतावर असला तरी तिच्या पायांचे तळवे काळ्या मेंदीने भरलेले. कोरे तळवे विधवेचे, असं आमच्याकडे बायका मानतात.

कोपरावरच्या इसबासाठी ती इस्पितळात जायची. तिथे डॉक्टर मकामे शिकाऊ डॉक्टरांना काळ्या कातडीचे रोग ओळखायला शिकवतात. आत्या नमुना म्हणून ऐटीत बसायची, आणि मी शेजारी बसून नकलांसाठी सगळ्यांचे आवाज टिपायची.

त्या दिवशी एक शिकाऊ घसा खाकरून म्हणाला, "सर, लाली दिसत नाही."

"कशी दिसेल, बाळा? पुस्तक गोऱ्यांचं, बाई वेत्याची. लाली विसर. जांभळट बघ, राखाडी बघ, हात लावून गरम लागतं का बघ. आणि तळवे कोण बघणार, तुझी सासू?"

सगळे हसले. आत्याने चपला काढल्या. डॉक्टर वाकले आणि त्यांचं हसू गेलं. डाव्या टाचेवरची मेंदी झिजली होती. तिथे वेड्यावाकड्या कडांचा एक काळा डाग होता.

"मेंदीचा थेंब सांडलाय तो," आत्या म्हणाली.

"असेलही. पण आपल्या रंगाच्या माणसांत कर्करोग असाच तळव्यात लपतो. मेंदी उतरू दे, मग तुकडा काढून तपासू. तोवर नवी लावायची नाही, झुवेनाबीबी."

मेंदी उतरत गेली. डाग उतरला नाही, उलट पसरला.

शेजारची रुकिया दारातूनच म्हणाली, "काय गं, अमूरचं काही कळलं वाटतं? तळवे कोरे दिसतायत."

मी तिचा गेंगाणा आवाज हुबेहूब काढला. एरवी आत्या हसून लोळली असती. आज हसलीच नाही.

मग वादळ झालं. बाकीची गलबतं परतली, अमूरचं नाही. आत्या मेंदी कालवायला बसली.

"डॉक्टर नको म्हणालेत ना," मी म्हटलं.

"डॉक्टरांचं कुणी समुद्रावर नाही."

तिने दोन्ही तळवे भरले, डाव्या टाचेवर तर दोनदा थर दिला. तपासणीच्या दिवशी ती घरातून हललीच नाही.

पुढच्या आठवड्यात अमूरचं गलबत दिसलं. "बघितलंस? मेंदीनेच आणला," म्हणत आत्या धक्क्याकडे निघाली, सगळ्यांच्या पुढे. उजवा पाय पुरता टेकत होती. डावा नुसत्या बोटांवर.