गंधकाशेजारचा फुगवटा

दमयंती मयेकर रोज सकाळी पदराने संगणकाचा पडदा पुसत. रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्याने तो धुरकटायचा. मग प्रथिनांच्या स्फटिकांचे नकाशे उघडत. जिथे अणू असतो, तिथे या नकाशांत फुगवटा दिसतो. त्यांचा विद्यार्थी हर्षद याच्या नकाशात एका अमिनो आम्लाच्या गंधकाशेजारी एक जादा फुगवटा होता.

"पाणीच आहे ते, मॅडम. उद्या प्रबंध द्यायचाय!"

"पाणी इतकं खेटून बसत नाय रे."

अंतर मोजलं, तेव्हा गंधकाला ऑक्सिजन जोडलेला निघाला. त्या जादा अणूमुळे हर्षदने प्रबंधात त्याच जागेसाठी सुचवलेलं औषध तिथे मावणारच नव्हतं. त्याने प्रबंध थांबवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दमयंतीबाई झोपेतच गेल्या. आदल्या संध्याकाळी प्रयोगशाळेचं दार ओढून घेताना हर्षदला म्हणाल्या होत्या, "आधी जेवून घे. उद्या नव्याने बसू."