सात जाड गॅलॅक्सी आणि अहिरे सर

अहिरे सर आज सकाळी गेले.
त्यांच्याबद्दल मी दहा वर्षं खोटं बोलले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, एमएस्सीला, ते माझे प्रोजेक्ट गाइड होते. गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. मूळचे सटाण्याचे. त्यांची स्वतःची पीएचडी अर्धवट राहिलेली, हे सगळ्यांना माहीत होतं.

विषय त्यांनीच दिला. कडेने दिसणाऱ्या गॅलॅक्सींचे फोटो घ्यायचे आणि ताऱ्यांच्या चकतीची लांबी-जाडी मोजायची. मधला फुगवटा मोठा असला की चकती जाड, फुगवटा नसला की पातळ, असं खरंच दिसतं का ते बघायचं.

"भाकरीसारखं आहे. कुणाची जाड, कुणाची पातळ. का, ते विचारायचं."

चाळीस प्रिंटआउट. स्केल अन् भिंग घेऊन महिनाभर बसले. डोळ्यांची पार वाट लागली.

तेहतीस गॅलॅक्सी शहाण्यासारख्या रांगेत आल्या. सात आल्या नाहीत. फुगवट्याचा पत्ता नाही, तरी चांगल्या जाडजूड.

मी त्या सात काढून टाकल्या. ग्राफ काय देखणा आला म्हणून सांगू.

सरांनी पेन्सिलीने ग्राफवरचे ठिपके मोजले. एकेक करून. चिडले की ते अहिराणीत बोलायचे.

"हाई खरं शे का?"

हे खरं आहे का, असं विचारत होते. मी ग्राफ उचलायला हात पुढे केला.

"चाळीस दिले होते. सात परत घाल."

"सर, परवा सबमिशन आहे. पुण्याच्या रिसर्चच्या सीटचा प्रश्न आहे माझ्या."

"असू दे. घाल."

घातले. ग्राफ विस्कटला. बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्या सातांबद्दल विचारलं, मला काही सांगता आलं नाही. सीट गेली.

मग मी गावभर सांगत सुटले, "स्वतःची पीएचडी झाली नाही ना, म्हणून सर जळतात."
काढलेल्या सातांबद्दल चकार शब्द नाही.

दोन वर्षांपूर्वी कुठेतरी वाचलं की शेजारची गॅलॅक्सी जवळून गेली तर तारे ढवळले जातात, चकती जाड होते. जुने प्रिंटआउट काढले. सातांतल्या पाचांच्या शेजारी छोटी गॅलॅक्सी होती. सर रिटायर होऊन देवळाली कॅम्पला राहायचे. तडक तिथे गेले.

सर खूश. "म्हणजे तुझ्या त्या सातच कामाच्या निघाल्या."

मग म्हणाले, "मी ठिपके का मोजले, कधी विचारलं नाहीस."

"का मोजले सर?"

"माझ्या थिसिसमधून मी चार काढले होते. कुणी मोजले नाहीत. सबमिशनच्या आदल्या दिवशी मलाच राहवेना, गाइडना सांगून टाकलं. माझी पीएचडी तिथेच संपली."

काकू चहा घेऊन आल्या. सर त्यांना म्हणाले, "ही माझी सगळ्यात प्रामाणिक विद्यार्थिनी."

मी चहा प्याले. बाहेर काय बोलत फिरले होते ते सांगायची हिंमत झाली नाही. आजही त्याची लाज वाटते.

आता सर नाहीत. म्हणून तुम्हाला सांगते, ज्यांना ज्यांना मी तेव्हा ते बोलले होते त्या सगळ्यांना.

सर जळत नव्हते. मी चोरी केली होती. त्यांनी ती पकडली आणि कुणालाही सांगितली नाही.

सर, माफ करा. शेवटचा नमस्कार.