जिन्याचा राखणदार

मुंबईतल्या त्या जुन्या हॉटेलातला लाकडी जिना मी वाचवला, असं आमच्या गावी, गोव्यात डिचोलीत, अजून सांगतात. ते खोटं आहे. वाचवला तो तिथं बॅगा उचलणाऱ्या, आमच्याच गोव्यातल्या केरीच्या माणसानं. मी इंजिनियर, जिना न पाहताच मालकाला म्हणालो होतो, पाडा.

हा मात्र प्रत्येक पाहुण्याला गंभीरपणे सांगे, "लिफ्ट बंद आसा." लिफ्ट धडधाकट होती. पुढे मी तिथं उतरलो नि जिना चढायला कुरकुरलो, तर म्हणाला, "तेरेखोलचो किल्लो चढतात मरे, मगे हो जिनो कित्याक जड?"

गुळगुळीत कठड्यावर हात फिरला, रंगीत काचांतलं ऊन पायांवर पडलं. वर पोचेपर्यंत माझं मत बदललं. पाहुणेही जाताना मालकाजवळ जिन्याचंच कौतुक करीत. जिना राहिला.

गेल्या महिन्यात मालकाला मी हे सगळं सांगितलं. त्यानं याला बोलावून समोर बसायला सांगितलं, चहा मागवला. हा बसेना, खाली नवे पाहुणे आले होते.