आरपार दगड

माणदेशातला नाना गवंडी कतारला आला त्याला अकरा वर्षं झाली होती. त्याआधी त्यानं गावाकडं विहिरी बांधल्या, शेतांच्या बांधाला ताली रचल्या, देवळाचे ओटे घातले. दगडाच्या कामात आपल्याला आता कुणी शिकवायचं राहिलेलं नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

फुटबॉलचा वर्ल्डकप वर्षावर आला होता. स्टेडियमं उठत होती, मेट्रो पळायला लागली होती, आणि उत्तरेच्या किनाऱ्यावरचं एक ओसाड गाव पाहुण्यांना दाखवण्याजोगं करायचं काम नानाच्या टोळीकडं आलं. गावाभोवती तट होता. खालचा तट चुन्यातला, घडीव, दोरी धरल्यागत सरळ. वरचे चार थर मात्र मातीत बसवलेले. कुठं लांबडा दगड, कुठं चपटा, मधेच एखाद्या पडक्या घराचा उंबराच आडवा टाकलेला. नकाशात त्या चार थरांवर लाल रेघ मारून लिहिलं होतं : नंतरची भर, काढून टाकणे.

नानाला ते पटलं होतं. जोडीला मुलतानचा फजल होता, त्याच्याच वयाचा, पांढऱ्या दाढीचा. नकाशा द्यायला आलेल्या इंजिनिअर बाईंच्या देखतच त्याला नाना म्हणाला, "फजलभाई, ये तो किसी आंधळे ने रचाया है."

उन्हाळ्यात दहानंतर उघड्यावर काम बंद. म्हणून पहाटे पाचपासून लागून दोघांनी हातभर तुकडा उतरवला आणि दगड ओळीनं वाळूत मांडले. दुपारी साडेतीनला परत येऊन बघतात, तर उतरवलेल्या जागी तटाच्या माथ्यावरच्या मातीत मधोमध चीर. बोट जाईल एवढी. सकाळी ती नव्हती.

नाना पालथा पडला आणि आत डोकावला. आतली दगडमातीची भरती पावसावाऱ्यानं कधीच खाली गेलेली. उरल्या होत्या दोन पातळ भिंती आणि मधे पोकळी, आणि त्या भिंती एकमेकींपासून सुटत चालल्या होत्या. तो उठला, वाळूतल्या दगडांपाशी गेला. दर तिसरा दगड लांबडा. टेप लावून बघितला : तटाच्या रुंदीएवढा. दुसरा मापला. तेवढाच.

त्यानं एक लांबडा उचलून चिरीवर आडवा धरला, तेव्हा सगळं उलगडलं.

बांधणारे निघून गेले, गाव मोडलं, तट फुगून फाटायला लागला. मग कुणी दुसरेच आले. त्यांच्यापाशी चुना नव्हता, धड हत्यार नव्हतं. त्यांनी पडक्या घरांतून नेमके लांब दगड हुडकले आणि आरपार घालून दोन्ही भिंती एकमेकींना बांधून टाकल्या. मग त्याच तटाला पाठ लावून संसार मांडले. आतल्या अंगाला त्यांच्या चुलीची काजळी अजून होती. सकाळी नानानं ती बघितली होती, आणि घाण समजून पुढं गेला होता.

उद्या वीस माणसं येणार होती, सगळ्या तटाचा माथा उतरवायला. गप्प बसलं तर तट जाणार. बोललं तर हातभर आपण फाडला हे सांगावं लागणार, आणि नकाशात काहीही असलं तरी असल्या चुकीला कंपनी माणूस मायदेशी परत पाठवायची.

"चुप रह," फजल म्हणाला. "नक्शे में लिखा था."

"लिवलं व्हतं," नाना मराठीतच बोलला. "पर काढला म्या."

साडेचारला विभावरी पाहणीला आली. मूळची नाशिकची, राजधानीतल्या वेस्ट बेच्या ऑफिसातली, जुन्या बांधकामांची इंजिनिअर.

"बाई, चूक झालीया. माझ्या हातनं."

"कसली, नाना?"

"हे वरचं चार थर काढायचं न्हाईत. ह्ये वझं न्हाई, टाकं हायती. काढलं की खालचं उसवतंय."

"ड्रॉइंग अप्रूव्ह झालंय हो. आणि तुम्हीच म्हणत होतात ना, आंधळ्यानं रचलंय म्हणून?"

"आंधळा मी व्हतो. हितं पालथं पडा, मंग बोला."

विभावरी हेल्मेट काढून पालथी पडली. कितीतरी वेळ तिचं तोंड त्या चिरीपाशीच. उठली तेव्हा धूळसुद्धा झटकली नाही.

"इंग्लंडात शिकत होते ना, तेव्हा असे तट बघितलेत मी," ती हळू बोलली. "रोमन लोकांनी बांधलेले. ते गेले, शहरं ओस पडली. कितीतरी पिढ्यांनंतर, मागून आलेल्या सॅक्सन राजांनी त्याच तटांची डागडुजी केली, आत वस्ती केली, तिथूनच शत्रूला तोंड दिलं. यावर निबंध लिहिलाय मी, नाना. आणि इथली लाल रेघ माझीच आहे."

नानानं तटावर हात टेकला. समुद्रापल्याड, कुठल्या कुठं, तिथंही कुणी असंच दुसऱ्याच्या तटावर हात ठेवून उभं राहिलं होतं.

"तिकडल्या गवंड्यांची नावं हायती का कुटं?"

"राजांची आहेत."

"म्हंजी हितल्यासारकंच."

विभावरी फोन लावून बाजूला गेली. वाऱ्यावरून तुटक ऐकू येत होतं, "नो सर, माय मार्किंग वॉज राँग." पाऊण तासानं परतली. "उद्याची टोळी रद्द. थर राहणार. पण झालेलं सगळं रिपोर्टात जाईल. माझ्या आणि तुमच्या, दोघांच्या नावानिशी. पुढं काय करतील ते मला सांगता येत नाही."

"जाऊंद्या. आदी ह्ये बुजवू द्या."

दिवस कलत होता. चिरीवरची सैल माती खरवडून दोघं कामाला लागले. पहिल्याच लांबड्या दगडापाशी नाना अडला. सपाट अंग खाली घालून ठेवला तर डुगडुगतोय. पाचर मारली, तरी तेच. तीनदा उचलला, तीनदा ठेवला.

"घर जाना है कि नहीं?" फजल कुरकुरला.

नानानं दगड उलटा केला. त्याचं पोट फुगीर होतं. जुन्या मातीचा ओघळ त्या फुगीर अंगालाच चिकटलेला; म्हणजे आधी हेच अंग खाली होतं. असा दगड माणदेशात कुणी पोट खाली करून घालणार नाही. त्यानं घातला. पोट बरोबर दोन भिंतींमधल्या पोकळीत उतरलं, दोन्ही टोकं दोन्ही माथ्यांवर टेकली, आणि दगड बसला.

नाना दोन्ही पायांनी त्याच्यावर उभा राहिला. केसभर हलला नाही. हा दगड पहिल्यांदा घालणारा कोण होता, कुठनं आला होता, त्याला हे कुणी सांगितलं होतं, काही कळायला मार्ग नव्हता.

"दुसरा दे," तो म्हणाला. "जैसा निकाला वैसाच दे."