कापडाची भिंत

नोरीनची डेस स्पार्गोशी ओळख झाली ती त्याच्या बुटात सुरी खुपसून. ती तेव्हा बावीस वर्षांची होती आणि गावाबाहेरच्या कत्तलखान्यात कोकरांचे खांदे सोडवत असे. नव्याने लागलेल्या डेसने गंमत म्हणून मागून तिच्या कमरेला हात घातला. नोरीनने वळून पाहिलं नाही, फक्त सुरीचा हात खाली सोडला. डेसच्या पायाची करंगळी बुटातच राहिली. त्याने तक्रार केली नाही, नोकरी सोडली नाही. दोन वर्षांनी त्याने तिच्याशी लग्न केलं आणि पुढची तीस वर्षं तो स्वयंपाकघरात खोकून शिरत राहिला. शेजाऱ्यांना वाटे, त्याला दमा आहे.

तो झोपेत गेला. त्या घराला शोभू नये इतक्या शांतपणे गेला. पुढच्या मे महिन्यात नोरीनने त्याच्या पिकअपच्या हौद्यात बिछान्याची वळकटी टाकली, पाण्याचे दोन कॅन, गॅसची शेगडी, गळाच्या तीन काठ्या आणि कत्तलखान्यातल्या सुऱ्या घेतल्या, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने पश्चिमेला निघाली. ॲडलेडहून मुलीचा फोन आला.

"आई, एकटी? आणि काही झालं म्हणजे?"

"झालं तर कळवीन."

त्याला नऊ वर्षं झाली. दर वर्षी सॅमनचे थवे किनाऱ्याला लागले की नोरीन अकरा दिवस निघते. एकेका पुळणीवर एक रात्र, जागा आवडली तर तीन. नाकाचं हाड एकदा लोंबत्या आकड्याने मोडलेलं, डाव्या हाताचं एक बोट पेराएवढं कमी, वय चौसष्ट. वाटेत समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, एवढंच तिचं दिवसभराचं बोलणं. ते तिला पुरतं.

हा किनारा फार रम्य आहे. त्याचे फोटो कॅलेंडरवर येतात. प्रत्येक खडकावर, मासे धरताना लाटेने नेलेल्या माणसांच्या नावाच्या पितळी पाट्या ठोकलेल्या आहेत. कॅलेंडरवाले त्या फोटोतून कापून टाकतात. दक्षिणेकडून येणारी लाट वाटेत कुठेही थांबलेली नसते, त्यामुळे ती कड्याशी पोचते तेव्हा तिचं डोकं फिरलेलं असतं. दोन वर्षांपूर्वी नोरीनच्या डोळ्यांदेखत एक माणूस काठीसकट गेला. त्याची टोपी तेवढी वर आली. ती संध्याकाळी कुणीतरी एका खुंटीला अडकवून ठेवली, कारण टोपी चांगली होती.

केप हॅलर्डच्या पुळणीमागे त्या नवव्या वर्षी सात गाड्यांचा तळ पडला होता. तळाचे कायदे कुठे लिहिलेले नाहीत, पण ते मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी चहा मिळत नाही. पाच वाजता प्रत्येकाने आपली खुर्ची आणि आपली बाटली घेऊन रिंगणात यायचं. आडनाव विचारायचं नाही. आणि कापडाला भिंत समजायचं: कनातीआड जे बोललं गेलं, ते विटांच्या घरात बोललं गेलं असं धरून, ऐकू आलं तरी ऐकायचं नाही. मधे तीन हातांचं अंतर आणि मेणकापडाचा एक पदर असताना माणसांनी महिना महिना शेजारी राहायचं, तर दुसरा इलाज नसतो.

याशिवाय एक परीक्षा असते. गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, ओढत कुणी नवा आला की तळावरचे सगळे पुरुष हाताची घडी घालून उभे राहतात आणि तो ती मागे कशी घेतो ते बघतात. कॅरॅव्हॅन मागे घेताना चाक डावीकडे वळवावं तर ती उजवीकडे जाते. नवरे बायकांवर ओरडतात, बायका हातवारे करतात, काही लग्नं तिथेच मोडतात. मर्व्ह नावाचा निवृत्त गहू-व्यापारी या परीक्षेचा प्रमुख परीक्षक होता.

क्लाइव्ह हॅनफर्ड गुरुवारी दुपारी आला. दोन झुडपांमधे जेमतेम कॅरॅव्हॅन मावेल एवढी फट होती. त्याने आरशात एकदा पाहिलं आणि एका दमात ती आत सरकवली. पान हललं नाही. बायकोला त्याने खाली उतरायलाही लावलं नाही.

"हा माणूस सरळ आहे," मर्व्ह म्हणाला.

"हात हलका आहे त्याचा," दुसरा कुणीतरी म्हणाला.

नोरीनलाही ते पटलं. हे नमूद करून ठेवायला हवं, कारण पुढे तिनेच ते कधी लपवलं नाही.

शुक्रवारी सकाळी क्लाइव्हची बायको ग्वेन नळाशी आली तेव्हा तिचा डावा डोळा मिटलेला होता.

"कनातीचा दांडा," ग्वेन म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

"दांडे वाईटच," नोरीन म्हणाली.

लोखंडी दांडा लागला की लांबट वळ उठतो आणि मूठ लागली की गोल सूज येते. नोरीनने दोन्ही भरपूर पाहिली होती, एक-दोनदा स्वतः उठवलीही होती. ही गोल होती. पण नोरीनच्या डोळ्यांपुढे ती कॅरॅव्हॅन होती, एका दमात आत गेलेली. तिने आपल्या बर्फपेटीतली आमिषाच्या माकुळांची पिशवी काढून दिली.

"डोळ्यावर धर. वास येईल."

"वासाचं काही नाही गं," ग्वेन म्हणाली. "त्या वासाने भूक लागत नाही ते बरं."

शनिवारी दुपारी रेडिओवर फुटबॉलचा सामना होता. सगळ्या तळावर तोच सामना लागला होता. उत्तरार्धात हॅनफर्डांच्या कॅरॅव्हॅनमधून एक आवाज आला, मग तसाच आणखी एक, मग काहीतरी जड वस्तू कपाटावर आदळून खाली बसल्यासारखा. कॅरॅव्हॅन चाकांवर हलली. मर्व्हने, अगदी सभ्यपणे, रेडिओचा आवाज वाढवला. त्याच्या बायकोने, आयरिसने, वीणकामातून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. समोरच्या तंबूतल्यांनीही आवाज वाढवला. मग नोरीनने वाढवला. इतक्या जोरात ओरडणारे प्रेक्षक त्या पुळणीने कधी ऐकले नसतील. सामना कोण जिंकलं हे मात्र संध्याकाळी रिंगणात कुणालाच नीट सांगता येईना.

पाचला क्लाइव्ह आपली खुर्ची घेऊन आला. ग्वेनचं डोकं दुखतंय, म्हणाला. चांगला बोलायचा. मर्व्हच्या बॅटरीची गळती त्याने बसल्या बसल्या ओळखून दिली. नोरीनने त्याच्या उजव्या हाताची सोललेली बोटं पाहिली आणि आपली बाटली अर्धी ठेवून ती लवकर उठली.

"काय झालं नोरीन?" आयरिसने विचारलं.

"वारा आहे."

वारा नव्हता.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास नोरीन खडकावरच्या फळीशी सॅमन साफ करत होती. ही फळी सगळ्या तळाची. खाली दहा पावलांवर समुद्र, मधे उतरता काळा खडक, त्यावर रक्तपाण्याने बुळबुळीत झालेलं शेवाळ. वर सीगल घिरट्या घालत होते. थोड्या अंतरावर मर्व्ह आणि आणखी तिघं गळ टाकून उभे होते. ऊन लख्ख होतं.

क्लाइव्ह आला. मागे ग्वेन, दोन्ही हातांनी बादली धरून. बादलीत चार मासे. ती चालताना एक खांदा वर धरून चालत होती, फासळ्या दुखत असल्या की माणूस चालतो तशी.

"सुप्रभात," क्लाइव्ह नोरीनला म्हणाला. मग बायकोकडे वळून, "ठेव इथे. इथे म्हटलं. फळीवर."

ग्वेनने बादली उचलली, ती पुरेशी वर गेली नाही, कड फळीला आपटली आणि मासे उतारावरून घसरत सरळ पाण्यात गेले. चारही.

क्लाइव्ह ओरडला नाही. त्याने ग्वेनचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड फळीवरच्या आतड्यांमधे दाबलं. मग तिचा डावा पंजा पसरून फळीवर धरला आणि दुसऱ्या हाताने नोरीनची सुरी उचलली.

"तुला कधी शिकायचंच नाही ना," तो म्हणाला. आवाज काल बॅटरीबद्दल बोलताना होता तोच.

नोरीनने मर्व्हकडे पाहिलं. मर्व्ह बघत होता. चौघेही बघत होते. मग एकेकाने हळूहळू मान समुद्राकडे वळवली, जणू तिकडे काहीतरी येत होतं. मधे कापड नव्हतं, भिंत नव्हती, सकाळचे नऊ वाजले होते, आणि तरी चार धडधाकट पुरुषांनी आपापली कनात मनातल्या मनात खाली सोडली होती.

मासे मारायचा दांडका फळीच्या खुंटीला असतो. आखूड, जड, टोकाला शिसं ओतलेलं. कत्तलखान्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात की हाड तोडायच्या भानगडीत पडायचं नाही, सांधा शोधायचा. नोरीनने त्याच्या कोपरावर मारलं. सुरी सुटायला हवी होती. ती सुटली नाही. क्लाइव्ह वळला आणि ती सुरी नोरीनचा हात मनगटापासून कोपरापर्यंत उघडत गेली. सुरीला चांगली धार होती. नोरीननेच आदल्या दिवशी लावली होती. तिने दुसऱ्यांदा गुडघ्यावर मारलं, आडवं, आतून बाहेर. पिकलेलं कलिंगड हातातून पडावं तसा आवाज झाला. क्लाइव्ह खाली गेला. तिसरा फटका तिने त्याच गुडघ्यावर, तो खाली पडल्यावर मारला.

मग तो शेवाळावरून घसरला. बादलीतले मासे गेले त्याच वाटेने, पण ओरडत. लाटेने त्याला कमरेपर्यंत घेतलं, वर आपटलं, पुन्हा ओढलं. तो नखांनी खडक धरत होता.

"ग्वेन," तो ओरडला. "ग्वेन, दोर."

ग्वेन उभी होती. तोंडावर माशाचं रक्त होतं आणि तिचं स्वतःचंही. ती त्याच्याकडे बघत होती, फार लक्ष देऊन, जशी एखादी बाई दुकानातलं कापड बघते. दुसरी लाट आली.

"मर्व्ह," नोरीन म्हणाली, "त्याला वर काढ."

"मी?"

"काल शेजारधर्म पाळलास ना? आजपण पाळ."

चौघांनी दोर टाकून त्याला वर ओढला. त्याचा पाय ज्या दिशेला वळायचा नाही त्या दिशेला वळला होता. आयरिस वाळूच्या टेकडीवर, जिथे फोन लागतो तिथे, धावली.

पोलीस आणि रुग्णवाहिका दीड तासाने आली, एकशेदहा किलोमीटरवरून. सार्जंट पेट्रिडिस घामाघूम होता आणि त्याला रविवारची सुट्टी हवी होती.

"काय झालं?"

"घसरला बिचारा," मर्व्ह म्हणाला. "शेवाळ आहे."

"आम्ही मासे धरत होतो," दुसरा म्हणाला. "पाठ होती आमची."

"दरवर्षी कुणीतरी घसरतं," तिसरा म्हणाला.

इतका एकमुखी तळ नोरीनने कधी पाहिला नव्हता. ते तिला वाचवत होते, हे तिला कळत होतं. आणि काल ज्या पद्धतीने क्लाइव्हला वाचवलं, अगदी त्याच पद्धतीने वाचवत होते, हेही.

"मी मारलं त्याला," ती म्हणाली. "तीनदा. पहिले दोन गरजेचे होते."

मर्व्हने डोळे मिटले. एवढं चांगलं जमलेलं खोटं बाई पाण्यात घालत होती.

"आणि तिसरा?" सार्जंटने विचारलं.

"तिसरा मला द्यावासा वाटला."

"का मारलंस?"

"हिला विचार."

सार्जंट ग्वेनकडे वळला. स्ट्रेचरवरून क्लाइव्हही तिच्याकडे बघत होता. त्याला सुई दिली होती, पण तो शुद्धीवर होता.

"घसरलो मी," तो सावकाश म्हणाला. "सांग ना ग्वेन. ही म्हातारी काय वाट्टेल ते बरळतेय."

स्ट्रेचर आत गेलं. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने पुढचं दार उघडून धरलं.

"चल, बाई. नातेवाइकांनी पुढे बसायचं."

ग्वेन दोन पावलं गेली. नोरीनने हाताला घट्ट गुंडाळलेल्या कापडातून रक्त गळत होतं. तिने ते पाहिलं नाही. ती ग्वेनचे पाय बघत होती. ग्वेन गाडीत चढली तर तिचं पुढे काय होईल, हे नोरीनला बारीकसारीक तपशिलासह माहीत होतं, आणि तिला हात धरून ओढायचा अधिकार आपल्याला नाही हेही.

ग्वेनने उघडं दार धरलं आणि बाहेरून लावलं. दोनदा, कारण पहिल्यांदा नीट बसलं नाही.

"खुर्ची मिळेल का?" तिने विचारलं. "मला फार वेळ उभं राहवत नाही."

आयरिसने खुर्ची आणली. ग्वेन तळाच्या मधोमध उन्हात बसली आणि सार्जंटला म्हणाली, "लिहा. एकोणीसशे चौऱ्याण्णवपासून सुरू करू."

तासभर ती बोलली. आवाज खणखणीत होता. इतकी वर्षं न वापरल्यामुळे असेल. साल, महिना, घर, कुठलं हाड. मर्व्ह उठायला गेला तेव्हा आयरिस म्हणाली, "बस खाली," आणि तो बसला. पुढे कुणी उठलं नाही. दोनदा सार्जंटने पेन बदललं.

नोरीनवरही खटला होणार होता. ते सार्जंटने तिला नीट समजावून सांगितलं. तिने मान डोलावली. तिसऱ्या फटक्याबद्दल तिला काही म्हणायचं नव्हतं.

रुग्णवाहिकेत क्लाइव्हच्या शेजारी बसायला नोरीन तयार झाली नव्हती आणि हाताला टाके तर हवेच होते. तिने पिकअपची किल्ली ग्वेनपुढे धरली.

"गिअरची गाडी येते चालवता?"

"यायची. त्याने एकोणीस वर्षं हात लावू दिला नाही."

"मग येईल."

नोरीन आपल्या पिकअपच्या दुसऱ्या बाजूने चढली. नऊ वर्षांत त्या सीटवर फक्त पावाची पिशवी बसली होती. रस्त्याला लागल्यावर चाळीस किलोमीटर इंजिन तिसऱ्या गिअरमधे किंचाळत राहिलं. डाव्या अंगाला समुद्र कड्यांवर आपटत होता, कॅलेंडरवर असतो तसा.

"चौथा टाक," नोरीन शेवटी म्हणाली.

"टाकते. ओरडू नकोस."

"मी ओरडत नाहीये."

ग्वेनने तिच्याकडे पाहिलं, खात्री करून घेतल्यासारखं. मग क्लच दाबून चौथा टाकला. तो कडकड करत पडला, पण पडला.